पळीभर विजया

अकरा गुरुवार, सकाळच्या अंघोळीपासून सांजवात लागेपर्यंत, एक शब्द बोलायचा नाही. लिहायचं नाही. मान हलवायची नाही, हातानं खूणसुद्धा करायची नाही. याला काष्ठमौन म्हणतात. लाकडाच्या ओंडक्यासारखं गप्प राहायचं. बंगळूरच्या जे. पी. नगरातल्या अनुसूयाबाईंनी आपल्या सुनेच्या पायांसाठी राघवेंद्रस्वामींच्या तसबिरीपुढं हे व्रत बोललं, तेव्हा मी तिथंच होते. देवघराला लागून असलेल्या फडताळात, हळदीच्या डबीशेजारी उभी.

मी एक बाटली आहे. तपकिरी काचेची, बोटभर उंचीची. माझ्या झाकणावर रबराची फुगीर टोपी आहे आणि त्या टोपीखाली काचेची बारीक नळी. टोपी हलकेच दाबली की नळीतून थेंब पडतो, एका वेळी एकच. माझ्यात काही खास असेल तर ते एवढंच. बाकी काच म्हणजे काच.

माझ्या पोटात मात्र जे भरलं होतं, त्याचं नाव घेताना माणसं आवाज खाली आणतात. ती भांगेची पानं होती. दूर उत्तरेच्या डोंगरात, परवाना घेऊन लावलेल्या शेतातली. देवनहळ्ळीच्या पुढं, जिथं द्राक्षांचे मळे जाऊन प्लॉट पडलेत आणि डोक्यावरून सारखी विमानं उतरतात, तिथल्या एका लहान कारखान्यात त्या पानांचा अर्क काढला, तिळाच्या तेलात मिसळला आणि माझ्यात ओतला. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. माझ्या अंगावर तेच नाव चिकटवलं आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं : वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये.

मी घरी आले त्या दिवशी हयवदनरावांनी चष्मा कपाळावर सरकवून ते सगळं वाचलं. हयवदनराव म्हणजे अनुसूयाबाईंचे यजमान, टेलिफोनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. वाचून झाल्यावर म्हणाले,

"अय्यो! तीनशे वर्षं झाली आमचं घराणं या गावात येऊन. एवढ्या वर्षांत घरात भांग आणणारी पहिली बाई म्हणजे आमची सून."

"अण्णा, मी नाही आणली, वैद्य नरसिंहरावांनी लिहून दिलीय," हर्षिता खुर्चीतून म्हणाली. "तुम्हाला हवी असेल तर तुम्हीही चिठ्ठी आणा."

"मला नको गं. मी आपला कॉफीवरच झुलतो."

सगळे हसले. अनुसूयाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला हातात घेतलं, पदरानं पुसलं आणि कपाळाला लावलं. भांग असो की आणखी काही, पोरीचे पाय सोडवायला आलेलं ते औषध. त्यांच्या लेखी मी त्याच क्षणी देवाच्या बाजूची झाले.

हर्षिता पुण्याची. नोकरीसाठी बंगळूरच्या एचएसआर लेआउट भागात आली, तिथंच अपूर्वशी ओळख झाली आणि लग्न करून या घरात आली. लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तोच तिला मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला. या रोगात मेंदूतून निघालेला निरोप अंगापर्यंत धड पोचत नाही. तिच्या पायांना तर भलतेच निरोप पोचायचे. बसल्या जागी दोन्ही पाय काठीसारखे ताठ व्हायचे. मांड्या एकमेकींना अशा घट्ट आवळल्या जायच्या की कपडे बदलायला दोन माणसं लागायची. पावलं आत वळायची, बोटं मुडपायची. मध्येच पोटरीत असा गोळा यायचा की हातातला कप पडायचा.

पण हर्षिताला सगळ्यांत जास्त राग होता तो चपलेचा. मुडपलेल्या पावलात चप्पल जायची नाही. "मला धावायचं नाहीये हो," ती एकदा वैद्यांना म्हणाली. "मला फक्त माझी स्वतःची चप्पल घालून गेटपर्यंत जायचंय."

मी रोग बरा करत नाही. हे वैद्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मेंदूचे डॉक्टर बिंदुमाधव यांनी पुन्हा बजावलं. ते दोघं एकाच इस्पितळात बसतात आणि एकमेकांना विचारून चिठ्ठी लिहितात. मी फक्त ताठलेलं थोडं सैल करते, दुखणं थोडं बोथट करते. कुणाला मानवते, कुणाला नाही. म्हणून सुरुवात दोन थेंबांनी, जिभेखाली, दिवसातून दोनदा. मग हळूहळू एकेक वाढवत पाच. पाचावर थांबायचं. स्नायू सैल करणारी आधीची गोळी चालूच होती, तेव्हा आपल्या मनानं एकही थेंब वाढवायचा नाही. चक्कर आली, झापड आली तर लगेच कळवायचं.

हर्षितानं एक वही केली. तारीख, वेळ, थेंब. अपूर्व सकाळी नळीनं थेंब मोजायचा, संध्याकाळी ती स्वतः मोजायची. एकोणिसाव्या दिवशी वहीत थेंबांच्या पुढं तिनं एकच शब्द लिहिला : चप्पल. त्या दिवशी ती कुबडी घेऊन, स्वतःची निळी चप्पल घालून गेटपर्यंत गेली आणि फूलवालीकडून दोन हात लांबीचा मोगऱ्याचा गजरा घेऊन आली. फूलवालीनं सवयीनं "अम्मा येल्ली?" म्हणून अनुसूयाबाई कुठायत ते विचारलं आणि मग हिच्या पायांकडं बघून वितभर फुलं जास्त दिली. मी फडताळातून, समोरच्या खिडकीतून पाहिलं. बाटलीला रडता येत नाही, नाहीतर थेंब वाया गेले असते.

आता व्रताचं सांगते. मी घरी आल्याच्या पहिल्या गुरुवारपासून अनुसूयाबाईंचं काष्ठमौन सुरू झालं होतं. त्यांचा हिशेब साधा. औषध आपल्या जागी, देव आपल्या जागी. एका हातानं उचलण्यापेक्षा दोन्ही हातांनी उचललेलं बरं. गुरुवारी घर चिडीचूप व्हायचं. हयवदनराव रेडिओशी बोलायचे. हर्षिता चिडवायची, "आई, आज तुम्ही ऑफलाइन ना? मग मी जास्त चटणी घेतली तरी काही म्हणू शकणार नाही." अनुसूयाबाई ओठ घट्ट मिटून हसू गिळायच्या. हसणंसुद्धा व्रतात बसत नव्हतं.

दहा गुरुवार असे पार पडले. अकराव्या गुरुवारची सकाळ उजाडली.

त्या दिवशी अनुसूयाबाई पहाटेच उठल्या होत्या. अंघोळ करून, आदल्या दिवशी ओलेत्यानं वाळत घातलेलं नऊवारी नेसल्या. सोवळं, ज्याला या घरात इथल्या बोलीतला मडी हाच शब्द आहे, ते त्यांचं फार कडक. मडीत असताना कुणाला शिवायचं नाही, प्लास्टिकला नाही, रबराला तर मुळीच नाही. नैवेद्य झाला, आरती झाली. मग त्यांची नजर फडताळात माझ्याकडं वळली.

अपूर्व आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकला होता. नऊ वाजले होते. हर्षिता बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून वाट पाहत होती. वहीत तिनं नेहमीप्रमाणं आधीच लिहून ठेवलं होतं : सकाळी नऊ, पाच.

अनुसूयाबाईंनी मला उचलून देवापुढं ठेवलं. माझ्यावर तुळशीपत्र ठेवलं. काचेवर पाणी शिंपडलं, म्हणजे काच मडीत आली. झाकण मात्र कसं शिवायचं? ते रबराचं. त्यांनी पदराचं टोक हातावर घेऊन झाकण फिरवून काढलं आणि नळीसकट बाजूला, देवघराच्या बाहेर फरशीवर ठेवलं.

नळी गेली म्हणजे माझं मोजणं गेलं.

मग त्यांनी तीर्थाची पळी घेतली. तीच चांदीची, तीन पिढ्यांची. मला त्यांनी पळीवर तिरपं केलं. नळी नसलेल्या बाटलीतून थेंब पडत नाही, धार पडते. हिरवट, जाड धार पळीच्या तळाशी गोळा झाली. त्यांनी पाहिलं. पळी अर्धीसुद्धा भरली नव्हती. पाच थेंब म्हणजे एवढंच असेल, असं त्यांना वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट आली, जी त्यांनी नंतर स्वतःच कबूल केली : आजचा दिवस मोठा, प्रसाद हातावर स्वल्प जास्त पडला तर चांगलंच.

मी ओरडले असते. पण मलाही तोंड आहे ते नुसतं सांडण्यापुरतं. त्या घरात त्या दिवशी काष्ठमौन दोघींचं होतं.

हर्षितानं उजवा हात पुढं केला, तीर्थ घेतात तसा. वरूनच, हात न लावता, अनुसूयाबाईंनी पळी उपडी केली. हर्षितानं चाखलं, तोंड वाकडं केलं.

"आई, हे तर औषध आहे! आज पळीतून?" ती हसली. "सरी, सरी, चालेल. देवाकडून रिडायरेक्ट होऊन आलंय. मोजलंत ना?"

अनुसूयाबाई लाकडासारख्या उभ्या. मान हलवायची नव्हती. पण डोळ्यांत इतकी माया होती की हर्षितानं त्यालाच होकार धरलं आणि तळहात चाटून पुसून साफ केला.

पोटात गेलेलं औषध सावकाश चढतं. जिभेखालच्या थेंबांपेक्षा कितीतरी सावकाश. साडेदहापर्यंत काहीच झालं नाही. साडेदहाला हर्षिता लॅपटॉपकडं बघून हसायला लागली. कशाला हसतेस म्हणून हयवदनरावांनी विचारलं तर म्हणाली, "अण्णा, तुमचा चष्मा कपाळावर किती वर्षांपासून आहे?" आणि पुन्हा हसली. हसणं थांबेना. मग एकदम थांबलं.

"अण्णा, माझं तोंड कोरडं पडलंय. छातीत काहीतरी धडधडतंय."

उठायला गेली आणि खुर्चीच्या कडेवरून खाली घसरली. चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम. "माझे पाय कुठायत? अपूर्व, मला पाय जाणवत नाहीत. अपूर्व!" जीभ जड झाली होती. शब्द एकमेकांवर आपटत होते.

अपूर्व मीटिंग तशीच टाकून धावत आला. त्यानं तिचे डोळे पाहिले, लालभडक झालेले. "रिलॅप्स," तो बापाला म्हणाला, "अण्णा, नवा झटका आला. गाडी काढा."

स्वयंपाकघराच्या दारात अनुसूयाबाई उभ्या होत्या. मी ओट्यावर होते, पदराच्या टोकानंच पुन्हा झाकण लावलेली; शेजारी ती पळी. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पळीकडं. आणि मी पाहिलं, त्यांच्या चेहऱ्यावरून रक्त कसं उतरत गेलं ते. त्यांना कळलं होतं.

अपूर्वनं मला आणि वहीला उचललं, शर्टाच्या खिशात मला कोंबलं आणि हर्षिताला उचलून गाडीत घातलं. मागच्या सीटवर अनुसूयाबाई चढल्या. मडीच्या नऊवारीत, कुणाला शिवणार नाही म्हणणाऱ्या त्या, सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. रबर, प्लास्टिक, गाडीची सीट, काही राहिलं नाही. राहिलं होतं फक्त मौन.

जे. पी. नगर ते इस्पितळ, अंतर फार नाही. पण बंगळूरच्या अकरा वाजताच्या रस्त्याला अंतराचं काय? एकेका सिग्नलला गाडी थांबायची आणि हयवदनराव स्टिअरिंगवर मूठ आपटायचे. हर्षिता वेळ विचारत होती. दर अर्ध्या मिनिटाला. "किती वाजले? तासभर झाला ना? का नाही पोचत आपण?" मग एकदा तिनं वर, सासूच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तिचा हात गच्च धरला.

"आई, मी मरतेय का? तुमचं मौन आहे, माहितीये. बोलू नका. नुसती मान हलवा."

अनुसूयाबाईंच्या मानेची शीर ताठ झाली. नाही म्हणून हलवायची होती ती मान. दहा गुरुवार आणि अर्धा दिवस, एवढी पुण्याई त्या मानेवर येऊन बसली होती. ती हलली नाही. हर्षितानं डोळे मिटून घेतले. मी अपूर्वच्या खिशात होते, त्याच्या काळजाचे ठोके माझ्या काचेवर बसत होते. पण मागच्या सीटवर त्या क्षणी जे झालं ते मला त्याहून जोरात लागलं.

इस्पितळात तातडीच्या खोलीत पडदे ओढले. नाडी एकशे चाळीस. रक्तदाब खाली. डॉक्टर बिंदुमाधव वरच्या मजल्यावरून धावत आले. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली, बोटं मोजायला सांगितली.

"सकाळी काय काय घेतलं?"

अपूर्वनं वही उघडली. "गोळी आठ वाजता. विजया तेल नऊ वाजता, पाच थेंब. हे बघा, लिहिलंय." त्यानं मला टेबलावर ठेवलं.

"पाचच?"

"सात आठवडे झाले, पाचच आहे."

डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली. "मग पाच थेंबांत आजच असं का व्हावं? औषध दिलं कुणी?"

"अम्मानं. मी मीटिंगमध्ये होतो."

डॉक्टर वळले. "अम्मा, पाचच दिले ना?"

अनुसूयाबाई भिंतीला टेकून उभ्या. डोळे माझ्यावर.

हयवदनराव मध्ये आले. बायकोच्या व्रताची राखण करायची म्हणून त्यांनी हातच जोडले. "डॉक्टर, तिला नका विचारू. अकरावा गुरुवार आहे तिचा, काष्ठमौन. या पोरीसाठीच धरलंय. संध्याकाळी दिवा लागला की बोलेल."

"संध्याकाळी?" डॉक्टर एवढंच म्हणाले.

त्यांचंही घर राघवेंद्रस्वामींच्या मठात जाणारं. व्रताचा मान त्यांना कळत होता. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझी सगळी आशा आता एकाच गोष्टीवर होती. कुणीतरी मला उचलावं आणि उजेडात धरावं. माझ्यात जेवढं उरायला हवं होतं त्याहून कितीतरी कमी उरलं होतं. पण माझी काच तपकिरी, वर लेबल गुंडाळलेलं. टेबलावर ठेवलेल्या बाटलीकडं पाहून कुणाला काय कळणार?

डॉक्टर अपूर्वला बाजूला घेऊन बोलू लागले. बाजूला म्हणजे दोन पावलं. सगळ्यांना ऐकू येत होतं.

"हे बघ, थेंब तेवढेच असतील तर दोनच शक्यता. मेंदूत नवा झटका आलाय, तर स्टिरॉइडची सलाईन आत्ता सुरू करावी लागेल, वाट बघण्यात अर्थ नाही. नाहीतर हे औषध तिला मानवेनासं झालंय. काहीही असो, हे तेल आजपासून बंद. पुन्हा द्यायचं नाही."

पडद्याआडून हर्षिताचा आवाज आला. जड, ओढलेला.

"बंद नका करू ना. डॉक्टर, माझी चप्पल..."

आणि ती रडायला लागली. लहान मूल रडतं तशी.

नर्स सलाईनची बाटली टांगत होती. तिनं नळी लावली. सुई हातात घेतली.

"पळीनं दिलं."

आवाज इतका घोगरा होता की कुणाचा ते आधी कुणालाच कळलं नाही.

"काय?" डॉक्टर वळले.

"थेंब नाही. पळीनं दिलं." अनुसूयाबाई भिंत सोडून पुढं आल्या. "झाकण रबराचं म्हणून काढून ठेवलं मी. मडीत होते. ओतलं. मोजलं नाही. स्वल्प जास्त पडलं तर चांगलं, असंसुद्धा मनात आलं माझ्या. पोरीचा काही दोष नाही. औषधाचा नाही. मी दिलं."

हयवदनराव खाली स्टुलावर बसले. "अगं अनु," एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी हात वर करून नर्सला थांबवलं. मग एका वाटीत पाणी आणि एक चमचा मागवला. "अम्मा, दाखवा. पळीत किती होतं? तेवढंच पाणी घ्या."

अनुसूयाबाईंनी चमच्यात पाणी घेतलं, पाहिलं, थोडं सांडलं, पुन्हा पाहिलं. "एवढं." डॉक्टरांनी ते पाणी सिरिंजमध्ये ओढलं, डोळ्यांसमोर धरलं. मग पहिल्यांदाच त्यांनी मला उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. उजेड माझ्या आरपार गेला. मला दाखवायचं होतं ते सगळं त्यांना दिसलं.

"चाळीस थेंब," ते म्हणाले. "आठपट. त्यात ती गोळी."

मग त्यांनी भराभर सांगितलं. स्टिरॉइड नको. साधी सलाईन, उजेड कमी करा, दुपारची गोळी देऊ नका, नाडीवर लक्ष ठेवा, एकटं सोडू नका. "हा रोगाचा झटका दिसत नाही. औषध जास्त झालंय. घाबरवतं फार, पण उतरेल. संध्याकाळपर्यंत उतरेल." आणि अनुसूयाबाईंकडं वळून, जरा रागानं, जरा मायेनं म्हणाले, "अम्मा, तुम्ही दिवा लागेपर्यंत थांबला असता, तर मी तोवर नसलेल्या आजारावर जबर औषध दिलं असतं. आणि लागू पडलेलं औषध कायमचं तोडलं असतं."

अनुसूयाबाई पडदा सारून आत गेल्या. हर्षिताचं कपाळ कुरवाळलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मघाशी विचारलंस ना गाडीत? नाही मरत तू. नाही, बाळा. नाही." गाडीत न हललेली मान आता थांबत नव्हती.

चारच्या सुमारास नाडी शंभराच्या खाली आली. पाचला हर्षितानं ताक मागितलं. सहाला ती शुद्धीत, थकलेली, उशीला टेकून बसली होती, आणि खिडकीबाहेर समोरच्या घरात कुणीतरी सांजवात लावत होतं. अनुसूयाबाईंनी तिकडं पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला.

"मोडलं गं माझं. अकराव्याला मोडलं. तुझ्या पायांसाठी धरलेलं."

हर्षितानं खिडकीकडं तोंड फिरवलं. मला वाटलं, रागावली असेल. तिला तसा हक्क होता.

"आई, मला राग आलाय," ती म्हणाली. "पळीचा नाही. मोजलंत ना म्हणून विचारलं तेव्हा तुम्ही गप्प होतात, त्याचा. मी त्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवला."

"खरं आहे."

"आणि देवाला विचारून बघा. माझ्यासाठी धरलं होतंत, माझ्यासाठीच सोडलंत. यात मोडलं काय?" मग थोडं हसली, दमलेलं. "तसंही अकरा गुरुवार घर फार भकास होतं. अण्णांना चाललं असेल. मला नाही."

"मलाही नाही हां," कोपऱ्यातून हयवदनराव म्हणाले.

पुढचे तीन दिवस मला फडताळात बंद ठेवलं. तेवढ्यात हर्षिताचे पाय पुन्हा ताठले. निळी चप्पल दाराशी पडून राहिली. चौथ्या दिवशी वैद्य आणि डॉक्टर दोघांनी मिळून नवी चिठ्ठी दिली : पुन्हा दोन थेंबांपासून, नळीनं, जिभेखाली. थेंब पडून झाल्याशिवाय वहीत लिहायचं नाही. अनुसूयाबाईंनी मठातल्या आचार्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, औषधाला मडी लागत नाही. त्यांनी ते ऐकलं, आणि घरी येऊन मला रबरी टोपणासकट तीर्थाच्या तबकात, पळीच्या शेजारी ठेवलं. तीन पिढ्यांच्या चांदीजवळ रबर. देव काही बोलला नाही.

मी आता रिकामी आहे. माझी जागा दुसऱ्या बाटलीनं घेतलीय. माझ्यासारखीच तपकिरी, पण तिच्या लेबलावर हर्षितानं पेनानं रेघा मारल्यात, दर आठवड्याला तेल कुठपर्यंत उतरायला हवं त्या. मला टाकून दिलं नाही. धुऊन, वाळवून खिडकीत ठेवलंय. परवा सकाळी तिथून पाहिलं, हर्षिता कुबडी टेकत, निळी चप्पल घालून गेटपर्यंत गेली. परत येताना अर्ध्या वाटेत थांबली, पाय आखडला होता. उभी राहिली. मग आली. रोज जमतं असं नाही. त्या दिवशी जमलं.

आणि अनुसूयाबाईंनी नवं व्रत धरलंय. पुन्हा अकरा गुरुवार, पण आता बोलण्याचे. दर गुरुवारी दिवा लावायच्या आधी, देवापुढं आणि सुनेपुढं बसून, त्या आठवड्यात तिच्या मायेपोटी तिला न विचारता जे जे केलं ते सगळं मोठ्यानं सांगायचं. पहिल्या गुरुवारी त्यांनी कबूल केलं की आमटीत गुपचूप सुंठ घातली होती. हर्षिता म्हणाली, ते कळलं होतं.

माझं ऐकणाऱ्या बायांनो, बाप्यांनो, तुमच्या घरात कुणी आजारी असेल, तुम्हीही काही ना काही नवस बोलला असाल. उपास, प्रदक्षिणा, मौन. जरूर धरा. देवाला हात जोडलेले असावेत. पण त्याबरोबर हे बोलण्याचं व्रतही धरा. आजाऱ्याला काही देताना त्याला विचारा, नळीनं मोजा. आणि हात चुकला, तर तो चुकला म्हणून सांगायला सांजवातीची वाट पाहू नका.